दीव बेटावर गर्दी टाळून काय काय बघावं?

मीनल_कर्वेनगर:

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोमनाथ आणि सासणगीर करून पुढे दीवला मुक्काम टाकायचा बेत आहे. आम्ही दोघं आणि बरोबर सासूसासरे. बाबांचं वय ७६, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. आईंना देवळं आणि समुद्र हवा, बाबांना इतिहास, आणि सगळ्यांनाच निवांतपणा हवा आहे.

नेटवर शोधलं तर जिथे तिथे नागवा बीच, पॅरासेलिंग, बनाना राइड. त्यातलं आम्हाला काहीच नको. बसायला जागा, चालायला बेताचं आणि कानाशी स्पीकर वाजत नाही अशी ठिकाणं सांगा. माझं मत विचाराल तर एवढ्याशा बेटावर दिवसाला एक किंवा दोन जागा पुरेत. सकाळी एक, संध्याकाळी एक, मधे जेवण आणि झोप. यादी संपवायला जायचंच नाहीये.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

---

पायवाट:

मीनलताई, बेत उत्तम आहे. दीवला आम्ही आईवडिलांना घेऊन गेलो होतो, म्हणून दोन गोष्टी ठासून सांगते.

पहिली, वार बघा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना अख्खं गुजरात तिथे लोटतं, कारण सगळ्यांना माहीत आहे: गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. सोमवार ते गुरुवार गेलात तर तेच बेट ओळखू येत नाही. सोमनाथ-गीर शनिवार-रविवारी उरका आणि सोमवारी दुपारी दीवला पोचा. सोमनाथहून अंतर साधारण ८५-९० किलोमीटर आहे.

दुसरी, मुक्काम नागव्याला करू नका, जुन्या दीव गावात करा. सगळी रिसॉर्टं नागव्याकडे आहेत, त्यामुळे गर्दी आपोआप तिकडे सरकते. गावात राहिलं की किल्ला, दोन्ही चर्च, जेट्टी, बाजार, झांपा दरवाजा सगळं हाकेच्या अंतरावर. थकलं की रिक्षा करून खोलीवर परत. बाबांना याचा फार उपयोग होईल.

---

शनिवारपेठ_ते_सातारा:

दीव आणि शांतता? मी मित्रांबरोबर गेलो होतो, रस्त्याला हॉटेल कमी आणि बार जास्त. वयस्कर माणसांना घेऊन जायची ती जागा नाही, असं माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा द्वारका करा.

---

पायवाट:

@शनिवारपेठ, तुम्ही कुठल्या वारी गेला होतात आणि कुठे उतरला होतात? 🙂

---

शनिवारपेठ_ते_सातारा:

शुक्रवार रात्र ते रविवार. नागवा.

---

पायवाट:

मग आपलं दोघांचंही खरं आहे.

---

खारे_वारे:

आईंसाठी फुदमचं गंगेश्वर. दीव गावापासून तीनेक किलोमीटरवर. देऊळ म्हणजे खडकातली एक कपार, समुद्राच्या अगदी तोंडाशी. आत पाच शिवलिंगं आहेत, लहानमोठी, पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा. भरतीला लाटा थेट आत येतात आणि लिंगांवरून पाणी जातं. आम्ही उभे होतो तेव्हा कोणीतरी नुकतीच बेलाची पानं आणि झेंडू वाहिला होता. लाट आली, सगळं एका दमात उचलून घेऊन गेली, आणि परतताना एकच पान मधल्या पिंडीला चिकटून राहिलं. पुजाऱ्यांनी लगेच पुढचा बेल हातात दिला. निसर्गच अभिषेक करतोय म्हटल्यावर आपण फक्त हात जोडायचे.

पायऱ्या थोड्याच आहेत पण शेवटच्या ओल्या असतात. बाबांना वरच्या कट्ट्यावर बसवलं तरी समुद्र समोर दिसतो.

वेळेचं बघा. ओहोटीला गेलात तर लाटा आत येत नाहीत आणि लोक "हे काय बघायचं" म्हणून परत फिरतात. पूर्ण भरतीला आत उभं राहता येत नाही. भरती चढत असताना जायचं.

---

आंजर्लेकर:

खारे_वारे यांच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. म्हणजे अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेळ वेगळी पडते, तेव्हा हा हिशोब तिथे जसाच्या तसा लावू नका. आदल्या दिवशी रिक्षावाल्याला किंवा पुजाऱ्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. एक दिवस विचारलं की दुसऱ्या दिवशीचा अंदाज आपला आपण बांधता येतो.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ज्येष्ठांना खाली उतरवू नका.

---

बखरवाचक:

बाबांना इतिहास हवा असेल तर दीवच्या किल्ल्याला अख्खी सकाळ द्या. आठच्या सुमाराला जा, उन्हं वर यायच्या आत. तीन बाजूंनी समुद्र, चौथीकडे खडकात खोदलेला खंदक. आतले रस्ते रुंद आहेत, त्यामुळे गुडघ्यांना फार त्रास नाही. बुरुजांवर जाणारे उतार मात्र निवडून चढा.

थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे तिथल्या तोफा नुसत्या तोफा राहणार नाहीत.

१५०९ साली दीवच्या समुद्रात मोठी लढाई झाली. एका बाजूला पोर्तुगीज व्हॉइसरॉय अल्मेदा, दुसऱ्या बाजूला गुजरातचा सुलतान, इजिप्तचे मामलुक आणि कालिकतचा राजा सामुद्री (झामोरीन) यांचं एकत्र आरमार. पोर्तुगीज जिंकले आणि अरबी समुद्राच्या व्यापारावर त्यांची पकड बसली. दीव मात्र त्यांना तेव्हा मिळालं नाही. ते मिळालं १५३५ मध्ये, आणि तेही हुमायूनमुळे! हुमायूनने गुजरातवर चाल केली, सुलतान बहादूरशाह अडचणीत आला आणि मदतीच्या बदल्यात त्याने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. पुढे संकट टळल्यावर दोघांचं बिनसलं आणि १५३७ मध्ये दीवसमोरच्या समुद्रात, पोर्तुगीज जहाजावरच्या भेटीहून परतताना झालेल्या झटापटीत बहादूरशाह मारला गेला. १५३८ ला तुर्की आरमार चालून आलं, १५४६ ला पुन्हा महिनोन्‌महिने वेढा पडला. दोन्ही वेळा किल्ला टिकला.

हे सगळं मनात ठेवून समुद्राकडच्या तटावर उभे राहा. समोर पाण्यात लहान किल्ला दिसतो तो पाणीकोठा. जेट्टीवरून होडी त्याच्याभोवती फेरी मारून आणते, बाबांना ती नक्की आवडेल.

---

सदाशिव_पेठेतला_मावळा:

@बखरवाचक, सुंदर प्रतिसाद. अवांतर विचारतो, मराठ्यांचा दीवशी काही संबंध आला का?

---

बखरवाचक:

थेट दीववर नाही. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातला फिरंगी मुलूख संपला. त्यानंतर त्यांच्या हातात गोवा, दमण आणि दीव उरलं, ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. म्हणजे वसई पाहिलेल्या पुणेकराने दीव पाहावंच. एकाच सत्तेचे दोन किल्ले, एक आपण घेतलेला आणि एक शेवटपर्यंत त्यांच्याकडे राहिलेला. तटाची बांधणी आणि दरवाज्यांवरची चिन्हं ताडून बघायला फार मजा येते.

अजून एक. दीवच्या पूर्वेला त्याच किनाऱ्यावर जाफराबाद आहे. ते थेट संस्थानं विलीन होईपर्यंत आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतं. मुरूडहून एवढ्या लांब! त्यांच्या आरमाराचा पल्ला यावरून कळतो.

---

अनघा_व:

वाचनखूण साठवली आहे. धागा मस्त चाललाय.

---

लंगर:

मीनलताई, तुम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाताय म्हणून आवर्जून लिहितो. चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ते चुकवू नका.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने पाणतीर सोडून खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला लोकांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. माझे मामा त्या काळात नौदलात होते. खुकरीवर त्यांच्या ओळखीची माणसं होती. आमच्या घरी ९ तारखेला मामा दिवसभर फारसे बोलत नसत, आणि लहानपणी आम्हाला त्याचं कारण माहीत नव्हतं.

स्मारकात काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आहे, समुद्राकडे तोंड करून ठेवलेली. बसायला पायऱ्या आहेत, वारा भरपूर असतो. बाबांना इथे वेळ द्या, घाई करू नका. त्यांच्या पिढीने ते युद्ध रेडिओवर ऐकलेलं आहे.

याच नावाची पुढची युद्धनौका २०२१ च्या डिसेंबरमध्ये निवृत्त झाली. तीही दीवला आणली आहे, संग्रहालय म्हणून.

---

मीनल_कर्वेनगर:

लंगरकाका, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच सांगितलं की ९ तारीख दीवमध्येच धरायची. तिकिटं अजून काढायची आहेत, त्यामुळे वार जुळतात का बघते. नाही जुळले तरी तारीख बदलणार नाही, असं ते म्हणाले आहेत आणि त्यांच्यापुढे घरात कोणाचं चालत नाही 🙂

---

हिरवा_चाफा:

नागवा अगदीच टाळू नका, एका कारणासाठी सकाळी सातला तिथे जा. तिथे होका नावाचे ताड आहेत. आपला नेहमीचा ताड सरळसोट वर जातो, याला मात्र फांद्या फुटतात. एका बुंध्याचे दोन, दोनाचे चार. आपल्याकडे याला रावणताड म्हणतात. गाइड लोक ठोकून देतात की पोर्तुगीजांनी ही झाडं आफ्रिकेतून आणली. याची भावंडं आफ्रिकेत आहेत हे खरं, पण ही जात भारताच्या पश्चिम किनाऱ्याचीच आहे. नाव हायफिनी डायकॉटोमा. फळं तपकिरी, चकचकीत, साधारण पेरूएवढी. झाडाखाली पडलेली सापडतात.

सातला तिथे मासेमार आणि कुत्री सोडून कोणी नसतं. नऊला स्पीकर सुरू होतात, त्याआधी नाश्त्याला परत.

---

गोमंतक_प्रेमी:

एवढ्या लांब जाण्यापेक्षा गोव्यातलं दिवाडी बेट का नाही? ओल्ड गोव्याहून फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे. भातशेती, खाजण, जुनी घरं, टेकडीवरचं पिएदाद चर्च. चर्चजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचं कोरीव छत अजून आहे. पर्यटक जवळजवळ नाहीत. पुण्याहून सोयीचंही.

---

बखरवाचक:

दिवाडीला माझंही मत. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला हलवले, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तिथला शिलालेख बघता येतो. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून फेरीबोटीने नार्व्याला उतरता येतं. एका दिवसात दोन्ही होतं. पण मीनलताईंचं सोमनाथ ठरलंय, तेव्हा दिवाडी पुढच्या वर्षी.

---

पायवाट:

दिवाडीसाठी वेगळा धागा काढा, नाहीतर पानं पन्नास होतील आणि ताईंना दीवचं एक ठिकाण सापडणार नाही.

---

खवय्या_नळस्टॉप:

जेवणाचं कोणीच लिहीत नाही? शाकाहारी असाल तर काळजी नको, गुजराती थाळी सगळीकडे मिळते. मासे खात असाल तर जेट्टीजवळ संध्याकाळी ताजे भाजून देतात. दुपारी मात्र बाजार बंद असतो. एक ते चार शटर खाली. पुणेकरांना घरच्यासारखं वाटेल 😀

---

सदाशिव_पेठेतला_मावळा:

बेट एकदम आपलं वाटायला लागलं.

---

शनिवारपेठ_ते_सातारा:

एक सूचना, यात थट्टा नाही. दीवमधून परत गुजरातमध्ये शिरताना तडच्या नाक्यावर गाड्या तपासतात. चालकाला आधीच विचारून घ्या, त्याने गाडीत बाटली ठेवली असेल तर ताप तुम्हाला.

---

कातळशिल्प:

नायडा गुंफांचं नाव अजून कसं आलं नाही? माझ्या मते दीवमधली सगळ्यात सुंदर जागा तीच. शहराच्या तटाबाहेर, जालंधर किनाऱ्याच्या वाटेवर. आतमध्ये बोळ, दालनं, वर छताला मोठी भोकं आणि त्यातून खाली उतरलेल्या वडाच्या मुळ्या. या गुंफा नैसर्गिक आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण भिंतीजवळ जाऊन बघा. दगड चौकोनी ठोकळ्यांत काढलेला आहे, त्यामुळे भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या आहेत आणि छिन्नीचे तिरके घाव अजून बोटांना लागतात. किल्ल्याच्या आणि तटाच्या बांधकामासाठी पोर्तुगीजांनी इथून दगड नेला असं सांगतात. ते पटतं, कारण किल्ल्याच्या तटात दगडाचा तोच पिवळसर, खरबरीत पोत दिसतो. म्हणजे सकाळी किल्ला पाहिलात की संध्याकाळी त्याची खाण पाहता येते.

माणसं फोटो काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. एक गट गेला की दुसरा येईपर्यंत जागा पूर्ण आपली.

---

मीनल_कर्वेनगर:

@कातळशिल्प, गुडघे दुखणाऱ्यांना जमेल का आत?

---

कातळशिल्प:

पहिल्या दालनापर्यंत नक्की. जमीन खडबडीत आहे, पायात चांगले बूट आणि हातात काठी हवी. आतल्या बोळांत उजेड कमी, तिथे तुम्ही दोघं जा आणि त्यांना वडाच्या मुळ्यांपाशी बसवा. भर दुपारी गेलात तर वरून उजेडाचे झोत सरळ खाली पडतात. आणि दुपारी बाहेर ऊन असतं तेव्हा आत गार असतं. बाजारही बंदच असतो.

---

अनघा_व:

माझं मत थोडं वेगळं. सासूबाईंना देवळं आवडतात म्हणून त्यांना फक्त देवळांत नेऊ नका. सेंट पॉल चर्च दाखवाच. १६१० च्या सुमाराचं आहे आणि अजून तिथे प्रार्थना होते. आतलं गडद लाकडी कोरीवकाम बघताना माझ्या आईला आपल्या वाड्यांच्या तुळया आठवल्या आणि ती तिथल्या बाकावर कितीतरी वेळ बसून होती. जवळच सेंट थॉमस आहे, त्यात आता संग्रहालय केलं आहे. आणि पारशी मंडळींच्या परंपरेनुसार इराणहून आल्यावर संजाणला जाण्याआधी त्यांचे पूर्वज १९ वर्षं दीवमध्येच राहिले. एवढ्याशा जमिनीवर किती जणांनी आसरा घेतला!

---

खारे_वारे:

पहाटे उठणारे असाल तर वणाकबारा. बेटाचं पश्चिम टोक, मासेमारांचं गाव. रंगीत होड्या, जाळी शिवणारी माणसं, दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. वास येणार, त्याची तयारी ठेवा. इथे पर्यटकांसाठी काहीही केलेलं नाही, म्हणून मला ते आवडतं. धक्क्यावर लोकांचं काम चालू असतं, वाटेत उभं राहू नका आणि फोटो विचारून काढा. आम्ही विचारलं तर एका आजोबांनी होडीचा नवा सांगाडा आत नेऊन दाखवला. फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकून भरत होते, एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात लाकडी हातोडा.

---

मीनल_कर्वेनगर:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांनी वहीत लिहून काढलंय. सध्या असं ठरतंय:

दीव गावात मुक्काम. पहिल्या संध्याकाळी फक्त जेट्टी आणि पाणीकोठ्याची होडी. किल्ल्याला एक सकाळ, त्याच दिवशी दुपारी नायडा. गंगेश्वर भरती विचारून. ९ तारखेची संध्याकाळ खुकरीपाशी. सेंट पॉल सवडीने. वणाकबारा आणि नागव्याचे ताड, जो लवकर उठेल त्याने जावं.

पुण्याहून कसं जावं? वेरावळची थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे, ती आमच्या तारखांना बसत नाही.

---

पायवाट:

अहिंसा एक्सप्रेसने अहमदाबाद, तिथून रात्रीच्या गाडीने वेरावळ. वेरावळहून सोमनाथ अगदी जवळ. अहमदाबादला मधे निदान अर्धा दिवस ठेवा, बाबांना लागोपाठ दोन गाड्या नकोत. सोमनाथपासून पुढे मात्र सरळ गाडी ठरवा. परत जाताना ज्या वारी निघाल तो शनिवार नसेल एवढं बघा.

तुमचा आराखडा चांगला आहे. फक्त किल्ला आणि नायडा एकाच दिवशी बाबांना जड जाईल. नायडा दुसऱ्या दुपारी ढकला.

---

लंगर:

पायवाट यांच्याशी सहमत. आणि ९ तारखेला स्मारकावर सूर्यास्ताच्या आधी पोचा. अंधार पडल्यावर पायऱ्यांवर गुडघ्यांना त्रास.

---

नवा_भिडू:

धागा उशिरा पाहिला. आम्हाला जुलैतच सुट्टी आहे. पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

---

आंजर्लेकर:

गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद, म्हणजे सिंह गेले. समुद्र खवळलेला, त्यामुळे पाणीकोठ्याची होडी धरू नका. गंगेश्वरला वरूनच नमस्कार. नायडाला शेवाळ. किल्ला, चर्च आणि वणाकबाऱ्याला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी एवढ्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा, गर्दी अजिबात नसेल.